वाचक विचारतात : खारी शिंग आणि पोचट शेंगा

प्रश्न : दाणे भाजून वरून मीठ चोळलं, तर मीठ डब्याच्या तळाशी जमतं आणि दुसऱ्या दिवशी दाणे मऊ पडतात. भरूचसारखी खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, घरी होईल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : नक्की होईल. भाजलेल्या कोरड्या दाण्याला मीठ धरत नाही. ते भाजण्याआधी, पाण्यातून मुरायला हवं. त्यासाठी लहान, गोलसर जावा दाणा घ्या. टपोरा बोल्ड दाणा बाहेरून करपतो तरी आत कच्चट राहतो. अर्धा लिटर उकळत्या पाण्यात 50 ग्रॅम मीठ विरघळवून गॅस बंद करा, अर्धा किलो दाणे टाकून 15 मिनिटं झाकून ठेवा. मग निथळून कापडावर पसरा. साल हाताला ओली लागेनाशी होईपर्यंत, दोनेक तास, घाई करू नका. ओले दाणे कढईत गेले की मीठ त्यांना चिकटून गोळे होतात.

जाड लोखंडी कढईत किलोभर खडं मीठ दहा मिनिटं तापवा. मूठ-दोन मूठ दाणेच एका वेळी टाकून मध्यम आचेवर सतत हलवा. तडतड मंदावली की एक दाणा फोडून बघा : आत फिकट बदामी रंग दिसला की लगेच चाळा. पूर्ण लालसर होईपर्यंत थांबलात तर कडू होतील, कारण बाहेर काढल्यावरही दाणा आतल्या उष्णतेनं भाजत राहतो. गरम दाणा मऊच लागतो, कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. कोमट असताना डबा बंद केला की वाफ आत कोंडते. तुमचे दाणे बहुधा त्यामुळेच मऊ पडतात.

सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे दाणे आधीच निवडून फेका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजण्यानं पूर्ण जात नाही.

प्रश्न : गच्चीवर कुंडीत भुईमूग लावलाय. फुलं भरपूर, शेंगा मात्र पोचट. खत कमी पडलं का?
– एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : खत नव्हे, चुना (म्हणजे कॅल्शियम) कमी पडतो. फूल गळल्यावर त्याच्या जागेवरून आरी, म्हणजे टोकदार देठ, निघून मातीत शिरते आणि टोकाला शेंग धरते. दाणा भरायला लागणारा चुना ही शेंग मुळांकडून घेत नाही, भोवतालच्या मातीतून स्वतःच शोषते. म्हणून फुलं लागताच, पेरणीनंतर साधारण महिन्याभरानं, जिप्सम (कॅल्शियम असलेलं खनिज) द्या : चौरस मीटरला 50 ग्रॅम, म्हणजे 14 इंची कुंडीला चहाचा एक सपाट चमचा. वरच्या मातीत हलकेच मिसळा. युरिया नको, नुसता पाला माजतो.

दुसरं कारण माती. आपल्याकडची काळी माती सुकली की दगड होते, आरी शिरत नाही. निम्मी वाळू-शेणखत मिसळून घ्या, खोडाशी भर लावा. एकदा आऱ्या मातीत गेल्या की खुरपं बंद. आणि तपासायला झाड उपटू नका. कडेची एकच शेंग उकरून फोडा : टरफलाची आतली बाजू तपकिरी-काळी झाली असेल तरच काढणी.