चिन्ह प्रत्येक शून्यापाशी बदलतेच का?

प्रश्न: (क्ष + २)(क्ष − १)²(क्ष − ३) ही बहुपदी कोठे धन असते, हे काढताना मी संख्यारेषेवर −२, १ आणि ३ मांडून उजवीकडून आळीपाळीने अधिक-उणे चिन्हे दिली. ‘−२ ते १ च्या दरम्यान आणि ३ च्या पुढे’ हे माझे उत्तर पुस्तकाशी जुळत नाही. चूक कोठे झाली?

उत्तर: आपली सुरुवात बरोबर आहे, ३ च्या पुढे सर्वच अवयव धन असल्याने गुणाकारही धन येतो, आणि ३ ओलांडताच (क्ष − ३) हा एकटाच अवयव ऋण होऊन गुणाकाराचे चिन्ह पालटते. गफलत १ पाशी झाली. (क्ष − १) चा वर्ग १ च्या दोन्ही बाजूंना धनच राहतो, त्यामुळे तेथे बहुपदी शून्याला स्पर्श करून पुन्हा ऋण बाजूलाच परतते. क्ष = ० ठेवून पाहा: २ × १ × (−३) = −६. एवढा ताळा वहीच्या समासात केला असता, तर चूक तेथेच सापडली असती! चिन्ह बदलते ते अवयवाचा घात विषम असेल तेव्हाच; म्हणून पुढचा बदल थेट −२ पाशी होतो, आणि क्ष = −३ साठी किंमत (−१) × १६ × (−६) = ९६ येते. म्हणजे क्ष हा −२ पेक्षा लहान किंवा ३ पेक्षा मोठा असतानाच ही बहुपदी धन असते.