मुरबाडात पहिल्यांदा भात लावणाऱ्या भावाला

यंदा पाऊस कधी लागेल, हे खात्रीने कळेपर्यंत थांबायचं म्हणतोस. अरे, ती खात्री मिळणार नाही. "अंदाज चुकतोच, मग बघायचाच कशाला?" असं म्हणणारेही गावात भेटतील, तेही फसतात. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो वाच. पाऊस येईलच, असं त्यात नसतं. शक्यता किती, एवढंच असतं, आणि आपले निर्णय तेवढ्यावरच घ्यायचे.

सगळं बी एकाच दिवशी टाकू नकोस. धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, थोडं पेर, उरलेलं आठवड्याभराने. मधे उघडीप पडली तर पहिलं रोप करपेल, पण दुसरं हाताशी राहील. वरच्या खाचरात कर्जत-३ सारखं हळवं, म्हणजे कमी दिवसांत पिकणारं वाण लाव, पाणी धरणाऱ्या खोलगट शेतात गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं. हळवं लवकर पिकतं खरं, पण परतीच्या पावसात आडवं होण्याची भीती त्यालाच जास्त. म्हणून सगळं रान हळव्याखाली घालू नकोस, शेजारी कितीही सांगोत.

बियाणं मात्र मिठाच्या पाण्यात बुडवच: दहा लिटरला 300 ग्रॅम मीठ. तरंगलेलं पोचट काढून टाक, उरलेलं साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळव. कापणीनंतर ओल असेल तिथे वाल टाक.