थिअरी येते, पण न्यूमेरिकल दिसलं की हात थांबतो

"मॅडम, हिचं डोकं सायन्सचं नाहीच का? आर्ट्सला घालू का?" अकरावीतल्या मुलीची आई मुलीच्या देखतच विचारत होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गुण चांगले. आता फिजिक्स-केमिस्ट्रीची थिअरी धडाधड म्हणते, पण न्यूमेरिकल कोरं सोडून येते.

आईंना बाहेर बसवलं आणि मुलीला एक गणित मोठ्याने बोलत सोडवायला दिलं. ताशी 72 किमी वेगाची गाडी ब्रेक लावल्यावर 5 सेकंदांत थांबते, तर त्वरण किती? प्रश्न पुरता वाचण्याआधीच तिने सूत्र लिहिलं, 72 ला 5 ने भागलं. 14.4! सूत्र बरोबर, भागाकार बरोबर, उत्तर चूक. विचारलं, "वरून सोडलेल्या दगडाचं त्वरण?" "9.8." "मग ही गाडी त्याच्यापेक्षा जोरात थांबली?" ती हसली. मग स्वतःच किलोमीटरचे मीटर, तासाचे सेकंद केले. सेकंदाला 20 मीटर, त्वरण उणे 4.

केमिस्ट्रीतही तेच. 250 मिली द्रावणात 4.9 ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड, मोलॅरिटी, म्हणजे एका लिटरमध्ये किती मोल (कण मोजायचं एकक), ते काढ. तिने थेट 4.9 ला 250 ने भागायला घेतलं. मोलची व्याख्या तोंडपाठ, ॲव्होगॅड्रोच्या आकड्यासकट. पण आधी 98 ने, म्हणजे या ॲसिडच्या एका मोलच्या ग्रॅममधल्या वजनाने, भागून 0.05 मोल, मग 0.25 लिटर, मग भागाकार करून 0.2, हे तिला कुणी सावकाश करूच दिलं नव्हतं. सीईटी या प्रवेश परीक्षेत या दोन विषयांचे 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे, म्हणून क्लासमध्ये सुरुवातीपासूनच घड्याळ लावलेलं. एककं बदलताना अडखळणाऱ्या पोरीला घड्याळ दाखवून काय मिळतं, मला कळत नाही.

तिला एवढंच सांगितलं, काही दिवस उत्तर काढूच नकोस. प्रश्न इंग्रजीत असला तरी मराठीत स्वतःला सांग. दिलेलं काय, विचारलंय काय, ते एककांसकट लिही, एककं जुळव आणि वही मीट. सूत्र दुसऱ्या दिवशी.

आईंना म्हटलं, "ताई, इतिहास आवडत असेल तर खुशाल आर्ट्सला जाऊ दे. मिलीचं लिटर केलं नाही म्हणून नको. आणि रोज किती गणितं झाली, ते तूर्त विचारू नका."

पुढच्या चाचणीत तिने मोलची गणितं सोडवली, फिजिक्समधलं एक अर्धवट राहिलं. पीएचचं, म्हणजे द्रावण किती आम्ल ते काढायचं गणित मात्र पूर्ण सोडून दिलं, कारण त्यात लॉग टेबल उघडावं लागतं. आता आम्ही ते घेऊन बसणार आहोत.