४२ किलोचा रॉटी (रॉटवायलर कुत्रा) ओढतो, प्रॉन्ग कॉलर घ्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सव्वा वर्षाचा मेल रॉटी, ४२ किलो, सकाळी सासूबाई फिरवतात, गल्लीतली कुत्री दिसली की तो झेपावतो, परवा त्या गेटपाशी पडता पडता वाचल्या, आणि ट्रेनर म्हणतोय प्रॉन्ग, म्हणजे आतून काटे असलेला पट्टा, घाला, दोन दिवसांत सरळ होईल. आधी एक करा, उद्यापासून सासूबाईंच्या हातात त्याची दोरी देऊ नका. कुठलाही पट्टा असो, सध्या नाहीच.

मी आत्तापर्यंत दोन रॉटी आणि एक जर्मन शेफर्ड सांभाळलेत. पहिल्या रॉटीला चोक चेन घालायचो, आमच्याकडे तेव्हा सगळेच घालायचे. तो ओढायचा, चेन आवळायची, खोकायचा, तोंडाला फेस यायचा आणि तरी ओढायचाच. एकदा आंघोळ घालताना गळ्याखालचे ओले केस बाजूला सारले तर आत पट्टाभर केस गेलेले आणि कातडी लालबुंद, हात लावला तर मान काढून घेतली त्याने. अजून आठवलं की पोटात कालवतं. त्या दिवशी चेन काढली ती कायमची.

प्रॉन्ग चोकसारखा पूर्ण आवळत नाही, मधली साखळी एका मर्यादेपर्यंतच ओढली जाते, त्यामुळे चोकपेक्षा बरा असं म्हणतात ते तेवढ्यापुरतं खरं आहे. पण तो कानांच्या अगदी मागे, जबड्याखाली घट्ट बसायला हवा, आणि मी बघतो ते सगळे खाली गळ्यावर हारासारखे लोंबत असतात. शिवाय त्याच्या कड्या झटक्याने निसटतात, तेव्हा दुसरा साधा पट्टा सोबत नसेल तर ४२ किलोचा कुत्रा मोकळा रस्त्यावर. ज्या जर्मनीत रॉटी आणि शेफर्ड दोन्ही जाती तयार झाल्या तिथेही २०२२ पासून ट्रेनिंगमध्ये काटेरी पट्टा वापरायला बंदी आहे.

तुमच्या केसमध्ये मी नकोच म्हणेन, कारण तुमचा प्रॉब्लेम नुसता ओढण्याचा नाहीये. त्याला समोर कुत्रा दिसणार आणि त्याच क्षणी मानेत काटे टोचणार, असं रोज झालं की त्याच्या डोक्यात पक्कं बसतं की कुत्रं दिसलं की दुखतं, मग तो आणखी लांबूनच गुरगुरायला लागतो. काही कुत्री गुरगुरणं दाबून टाकतात आणि एक दिवस न सांगता चावतात, ते तर फारच वाईट.

त्यापेक्षा छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस घ्या, खांदे मोकळे राहतील असा. दोन्ही टोकांना हूक असलेली दोरी मिळते, एक हूक छातीच्या कडीला आणि एक साध्या पट्ट्याला. ओढलं की तो बाजूला वळतो, जोर कमी होतो. पाठीवर कडीवाला नको, त्यात तो बैलासारखा अख्खं अंग लावून ओढेल. हेड हॉल्टर, म्हणजे तोंडाभोवती बसणारा पट्टा, तोही चालतो पण त्याची सवय लावायला आठ-दहा दिवस द्या, आणि तो घातल्यावर झटका अजिबात मारायचा नाही, मान पिरगळते. आत-बाहेर होणारी ऑटोमॅटिक दोरी नको. दोरी मनगटाला गुंडाळू नका, आमच्या ऑफिसमधल्या एकाचं बोट त्यात मोडलंय.

आणि शिकवणं पार्किंगमध्ये, रात्री कोणी नसताना. दोरी ताणली की थांबायचं, सैल झाली की चालायचं, पायाजवळ आला की उकडलेल्या चिकनचा तुकडा. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत वीस पावलंसुद्धा होणार नाहीत, होऊ देत. मग गल्लीतली कुत्री लांबून दाखवा, तो त्यांना बघूनही चिकन खातोय एवढ्या लांबून. खायचा थांबला म्हणजे तुम्ही फार जवळ गेलात, मागे फिरा. माझ्या दुसऱ्या रॉटीला यात तीन महिने लागले आणि मध्ये दोनदा सगळं पहिल्यापासून करावं लागलं, त्यामुळे दोन दिवसांच्या गॅरंटीवर विश्वास ठेवू नका. त्या ट्रेनरला एवढंच विचारा की पट्टा काढल्यावर तो काय करेल.

सासूबाईंना घरी ठेवू नका हं, बरोबर न्या. दोरी तुमच्याकडे, चिकनची पिशवी त्यांच्याकडे. तो आपणहून मान वळवून त्यांच्याकडे बघायला लागला की मग पार्किंगमध्ये पाच मिनिटं दोरी त्यांच्या हातात देऊन बघा, तुम्ही शेजारीच राहा.