क्लेझमर आणि ब्लूग्रास एकत्र वाजवताना नेमकं काय खटकतं?

तुम्ही विचारलंय: ब्लूग्रास बँडमध्ये क्लॅरिनेट आलंय, अर्ध्या तासाचा मिश्र कार्यक्रम बसवताय, चाली पाठ आहेत, तरी एकत्र वाजवलं की खटकतं. का?

बहुधा गिटारवरच्या ए सेव्हन कॉर्डमुळे. क्लेझमर म्हणजे पूर्व युरोपातल्या यिद्दिशभाषक ज्यूंचं लग्नातलं वाद्यसंगीत. त्यातल्या कितीतरी चाली 'फ्रेगिश' स्वरावलीत असतात: डी, ई फ्लॅट, एफ शार्प, जी, ए, बी फ्लॅट, सी. डी हा सा धरलात तर हे बसंत मुखारीचेच स्वर. ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतलं तारवाद्यांचं लोकसंगीत. त्यातल्या गिटारिस्टचा हात मात्र सवयीने डी, जी, ए सेव्हन असा फिरतो. ए सेव्हनमध्ये ई आणि सी शार्प आहेत, म्हणजे चालीतल्या दोन मुख्य स्वरांशी थेट भांडण. मुक्कामाला येताना सी मायनरवरून डीवर या. मध्ये जी मायनर. पहिली अख्खी तालीम मी या तीन कॉर्डनाच देईन. डीच धरा, कारण बी फ्लॅट क्लॅरिनेटवर ते ई फ्रेगिश होतं आणि बोटं सहज पडतात.

बँजोची दुसरी तार बीऐवजी बी फ्लॅटला लावा, म्हणजे मोकळ्या तारा जी मायनर देतात. क्लेझमरच्याच 'मिशेबेराख' या दुसऱ्या स्वरावलीत तीव्र मध्यम, म्हणजे जी शार्प असतो. तिथे पाचव्या तारेचा जी सतत टोचतो. ती तार सातव्या पडद्याच्या खिळ्यात अडकवून ए करा.

तालात मात्र दोन्ही संगीतं आपणहून भेटतात. बुल्गार नाचाच्या चालीत आठ मात्रांचे ३+३+२ असे आघात येतात, आणि बँजोचा फॉरवर्ड रोलही (तारा ठरावीक क्रमाने एकेक छेडणं) आठ स्वरांत ३+३+२ असाच फिरतो. दोन्हींचे आघात एकाच जागी आणा आणि मॅन्डोलिनचा चॉप, म्हणजे तुटक ठोक्यासारखी कॉर्ड, जागचा हलू देऊ नका. संथ होरा हा नाच तीन मात्रांचा, दुसरी मात्रा रिकामी. तिथे बँजोने रोल केला की ती रिकामी जागा भरते आणि होऱ्याचा डौल जातो, म्हणून बँजो थांबवा.

सुरुवात दोइनाने करा. ती आलापासारखी, तालमुक्त. खाली कॉन्ट्राबासवर गजाने लांब डी, मॅन्डोलिनचा ट्रेमोलो. व्हायोलिनवादकाला 'क्रेख्त्स', म्हणजे स्वर तोडणारा हुंदका, आधी शिकून घ्यायला लावा. त्याच्या जागी ब्लूग्रासची घसरती मींड चालत नाही. अँडी स्टॅटमन यांना जरूर ऐका: मॅन्डोलिनवर ब्लूग्रास आणि क्लॅरिनेटवर थेट क्लेझमर क्लॅरिनेटवादक डेव्ह टॅरस यांची तालीम, दोन्ही एकाच माणसात.

सगळे एकाच माइकभोवती उभे राहणार असाल तर क्लॅरिनेट दोन पावलं मागे, गिटार सर्वांत जवळ. मॉनिटर बंद, नाहीतर शिट्टी वाजेल.

क्रम: दोइना, होरा, बुल्गार आणि शेवटी डी मेजरमधली एखादी जुनी फिडल ट्यून. ट्यूनच्या आधी चार बार बास आणि मॅन्डोलिन दोघंच वाजू द्या. तेवढ्यात बँजोची तार बी फ्लॅटवरून बीवर येते. चौथ्या बारला गिटारने ए सेव्हन द्यावा, पूर्ण कार्यक्रमात पहिल्यांदाच.