गावातल्या पहिल्या महायुद्धाच्या पाटीवर फक्त आकडे आहेत, नावं नाहीत. नवं स्मारक बांधताना तिचं काय करावं?

जुनी पाटी काढू नका, ही पहिली विनंती. नवं स्मारक जरूर बांधा, पण ही आहे त्याच भिंतीत राहू द्या.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अशा संगमरवरी पाट्या अनेक गावांत लावल्या. मजकुराचा साचा एकच: या गावातून इतके जण १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. लढाई नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबली, तह १९१९ चा, म्हणून ते साल. खोदणाऱ्याची चूक समजून 'दुरुस्त' करू नका. आणि नावं गाळली गेली ती फक्त गावातच नव्हे. इराकमधल्या बसरा स्मारकावरही साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार नुसते आकडेच कोरले होते. आपली माणसं तिकडे किती होती बघा: इराकमधल्याच कुट गावाला तुर्की फौजेने घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या.

आमच्या चावडीतली पाटी दर रंगकामात ऑइलपेंटने उजळली जायची. मृतांच्या आकड्यातल्या इंग्रजी 7 ची आडवी रेघ रंगाने बुजली आणि आम्ही वर्षानुवर्षं तो 1 वाचत आलो. पोपडा निघाला तेव्हा खाच दिसली. सहा माणसं आमच्या हिशेबातूनच गेली होती! अजूनही तो आकडा बघितला की पोटात कालवतं. म्हणून सांगतो, साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस. फरशीचं ॲसिड तर अजिबात नको, संगमरवर त्याने विरघळतो. रंग काढायचाच असेल तर जुन्या दगडाचं काम जाणणारा माणूस आणा.

नावं मात्र शोधता येतात. महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हाही असतो. स्पेलिंगवर विसंबू नका, एकेक आडनाव चार प्रकारे टाकून बघा. गाव आज सिंधुदुर्गात असेल तर रत्नागिरी किंवा सावंतवाडी संस्थानाखाली पाहा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा.

आता नव्या दगडाच्या घडणीबद्दल. बंदूक-हेल्मेटपेक्षा मला आपल्या वीरगळाच्या, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मृतिशिळेच्या, माथ्यावरचे चंद्र-सूर्य जास्त जवळचे वाटतात. आम्ही तेवढेच घेतले, खाली बापाच्या नावासकट नावं. सातपैकी पाच सापडली. उरलेल्या दोघांसाठी दोन ओळी कोऱ्या सोडल्यात.