विषय, शब्दमर्यादा आणि परीक्षकांचे गुण

ऑनलाइन लेखनगटांमध्ये विषय देऊन कथा-कवितांच्या स्पर्धा घेणारे संयोजक आणि त्यात उतरणारे लेखक, अशा दोन्ही बाजूंची पत्रं या वेळी घेतली आहेत.

आम्ही ‘पाऊस’, ‘आई’, ‘नातं’ असे विषय देतो. दर वेळी एकाच साच्यातल्या कथा येतात. विषय कसा निवडावा?
– गटसंयोजक, नाशिक

पाऊस म्हटलं की आठवणी, विरह आणि भजी हे तिन्ही न बोलावता येतात. एकट्या नामाचा विषय दिला की लेखकाला पहिलं सुचेल ते चालून जातं. म्हणून विषयात थोडी अडचण ठेवा. उदाहरणार्थ: ‘पावसामुळे रद्द झालेली शेवटची एसटी. कथा स्टँडवरच घडावी, फ्लॅशबॅक नको.’ यातली शेवटची अट सगळ्यात कामाची. आठवणींचा दरवाजा बंद झाला की लेखकाला समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाकडे बघावंच लागतं. मात्र अटी दोनच ठेवा. पाच अटी घातल्या की कथा सरकारी अर्जासारखी होते.

जाहीर करण्याआधी विषय तपासून घ्या. स्पर्धेत नसलेल्या तिघांना दहा मिनिटं द्या आणि प्रत्येकाकडून चार ओळींचं कथानक लिहून घ्या. दोन कथानकं जुळली तर विषय बदला. तिघंही कोरा कागद घेऊन बसले तर एक अट सैल करा.

दुसरी पळवाट जुन्या कथेची. पडून असलेली कथा काढायची, तिच्यात दोन ठिकाणी पाऊस पाडायचा आणि पाठवून द्यायची. त्यासाठी परीक्षकांना एकच प्रश्न द्या: विषय काढून घेतला तरी कथा जशीच्या तशी उभी राहते का? राहत असेल तर विषयाचे गुण शून्य, कथा कितीही चांगली असो. हे नियमांत आधीच छापा, नाहीतर निकालानंतर वाद ठरलेला.

१००० शब्दांची मर्यादा होती, माझी कथा १०१२ म्हणून बाद झाली. शब्द नेमके कसे मोजतात?
– वाचक, कोल्हापूर

संगणक दोन मोकळ्या जागांमधला मजकूर एक शब्द धरतो. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं जोडून लिहायची असल्याने ‘घरासमोरच्या झाडाखालून’ हे दोनच शब्द. ‘घरा समोरच्या झाडा खालून’ असं तोडून लिहिलं तर चार. तोडून लिहायची सवय असेल तर शुद्धलेखन सुधारताच कथेतले बरेच शब्द आपोआप कमी होतील. संवादाआधी मोकळी जागा सोडून टाकलेली आडवी रेघसुद्धा वर्डमध्ये शब्द म्हणून मोजली जाते.

संयोजकांनी ‘शीर्षक सोडून, वर्डच्या मोजणीप्रमाणे, ५ टक्के सवलतीसह’ असं एक वाक्य लिहिलं असतं, तर १०५० पर्यंतच्या कथा चालल्या असत्या. ते लिहिलेलं नसेल तर १०१२ बाद, हे मान्य करावं लागेल.

तीन परीक्षकांच्या गुणांची बेरीज करून निकाल लावला. दोन परीक्षक म्हणतात, पहिली आलेली कथा आम्हाला सगळ्यात कमी आवडली होती! आमचं कुठे चुकलं?
– संयोजन समिती, पुणे

बेरजेत. एक परीक्षक हात मोकळा सोडून ५० ते ९० गुण देतो, दुसरा ७० ते ७३ च्या पलीकडे जात नाही. अशा वेळी निकाल मोकळ्या हाताचाच लागतो.

समजा क, ख, ग या तीन कथा आहेत. पहिल्या परीक्षकाने ९०, ७०, ५० दिले, दुसऱ्याने ७०, ७२, ७१, तिसऱ्याने ७०, ७३, ७१. बेरीज येते क २३०, ख २१५, ग १९२. म्हणजे क पहिली, आणि दोघांनी तिलाच तळाला ठेवलेलं आहे. आता गुणांऐवजी क्रमांक मांडा. पहिल्याचे क्रमांक १, २, ३. दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे ३, १, २. क्रमांकांची बेरीज क ७, ख ४, ग ७. कमी बेरजेची ख पहिली येते, आणि ती कुणाच्याही यादीत तळाला नाही.

साठ कथांना क्रमांक लावणं मात्र अशक्य आहे. आधी प्रत्येक परीक्षकाने ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’ एवढीच छाननी करावी, दहा कथा पुढे न्याव्यात आणि क्रमांक फक्त त्या दहांना द्यावेत. वेळही धरा: १००० शब्दांच्या साठ कथा म्हणजे ६०,००० शब्द. मिनिटाला १५० शब्दांच्या वेगाने नुसतं एकदा वाचायलाच सहा तास चाळीस मिनिटं लागतात. परीक्षकाला शनिवारी गठ्ठा देऊन सोमवारी निकाल मागितला, तर शेवटच्या वीस कथा चाळल्या जाणार, वाचल्या जाणार नाहीत. शिवाय तिघांना कथा वेगवेगळ्या क्रमाने पाठवा, म्हणजे त्याच वीस कथा दर वेळी थकलेल्या डोळ्यांपुढे येणार नाहीत.

लाइक मोजून मात्र निकाल लावू नका. त्यात ज्याचा नातेवाइकांचा ग्रुप मोठा, तो जिंकतो.

परीक्षकांना नावं कळू नयेत म्हणून आम्ही नावं पुसतो, तरी कळतातच. उपाय?
– संयोजक, ठाणे

नाव कथेखाली नसलं तरी वर्डच्या फाइलच्या माहितीत लेखक म्हणून राहतं आणि गुगल डॉकच्या लिंकवर मालकाचं नाव दिसतं. म्हणून कथा फॉर्ममधल्या मोठ्या उत्तराच्या चौकटीत युनिकोडमध्येच (म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत) मागवा, नाव-फोन वेगळ्या रकान्यात ठेवा आणि परीक्षकांना फक्त क्रमांक व मजकूर असलेली प्रत द्या. नावांची यादी परीक्षक नसलेल्या एकाच माणसाकडे असावी.

पीडीएफ नकोच. त्यातून मराठी कॉपी करताना वेलांट्या आणि रफार भलत्या जागी जाऊन बसतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर निव्वळ चिन्हांची रांगोळी दिसतो.

‘३१ तारखेच्या रात्री १२ पर्यंत’ असं लिहिलं होतं. न्यू जर्सीच्या सदस्यांशी भांडण झालं.
– संयोजक, मुंबई

रात्रीचे १२ म्हणजे ३१ ची सुरुवात की शेवट, इथूनच घोळ. ‘३१ ऑगस्ट, रात्री ११, भारतीय वेळ’ असं लिहा आणि पुढे ‘न्यू जर्सीत दुपारी १:३०’ जोडा. हिवाळ्यात तिथली घड्याळं मागे जातात, तेव्हा तेच १२:३० होईल. गुगल फॉर्मच्या उत्तरपत्रकाचा टाइम झोनही भारताचाच आहे ना, ते स्पर्धा सुरू होण्याआधी पाहून घ्या.

नियमांत लिहिलंय की कथा पाठवली की सर्व हक्क गटाचे. मग ती दिवाळी अंकाला देता येणार नाही का?
– लेखिका, मडगाव

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुमच्या कथेची पहिली मालक तुम्हीच. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी करार आणि त्यावर तुमची सही लागते. नियमांच्या यादीतल्या एका ओळीने हक्क जात नाहीत. सहीचा करार झाला असेल आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

पण हक्क वेगळा आणि ‘अप्रकाशित’ ही अट वेगळी. बरेच संपादक गटावर टाकलेली कथा प्रकाशित झाली असं मानतात. म्हणून भाग घेण्याआधी विचारा: न जिंकलेल्या कथाही सगळ्यांसमोर ठेवणार का? ठेवणार असतील तर अंकासाठी राखून ठेवलेली कथा पाठवू नका.

अष्टाक्षरीच्या स्पर्धेत ‘चंद्र’ दोन अक्षरं की तीन?
– वाचक, जळगाव

दोन. जोडाक्षर एकच धरतात आणि अनुस्वाराचं वेगळं अक्षर होत नाही. ‘विहिरीत चंद्र हाले’ ही ओळ मोजा: वि-हि-री-त-चं-द्र-हा-ले, बरोबर आठ. ओळीत नऊ अक्षरं भरली तर ‘आणि’, ‘तो’, ‘ही’ यातलं काही उगाच बसलंय का ते आधी पाहा.